जुन्या ट्रॅक्टरची कुरकूर वेळीच ऐका

रोहिणी नक्षत्राचा शेवटचा आठवडा होता. वळवाचा एक पाऊस पडून गेला होता आणि कुळवाच्या पाळ्या राहिल्या होत्या. आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर चालवणारा गडी बांधावर थांबून म्हणाला, "दादा, आवाज बदललाय. तेलाचा काटाबी खाली आलाय." थोरले बंधू म्हणाले, "एवढं रान उरकू, मग बघू."

रान काही उरकले नाही. तासाभरात इंजिन जाम झाले. क्रँकला चरे पडले, पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली आणि दुरुस्तीपायी दुभती म्हैस बाजारात गेली. म्हैस गेल्याचे दुःख होतेच. पण वेळेवर सांगणाऱ्या गड्याचे ऐकले नाही, हे बंधूंच्या मनाला जास्त लागले.

काटा का उतरतो?

पाटाला मध्येच उंदराचे बीळ पडले, तर विहिरीवर पाणी तेवढेच उपसले तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोचत नाही. इंजिनातही तसेच होते. ऑइल पंप तेल ढकलत असतो. क्रँक आणि बेरिंग यांच्यातील बारीक फटीत ते तेल अडते, म्हणून दाब राहतो. बेरिंग झिजून फट वाढली, की तेल भराभर निसटते आणि दाब पडतो. इंजिन तापून तेल पातळ झाले, की हे अधिक जाणवते. गार असताना काटा ठीक आणि तापल्यावर खाली, ही म्हणूनच झिजेची खूण असू शकते.

पुष्कळ जुन्या डिझेल इंजिनांत तापल्यावर, कामाच्या वेगात, 2 ते 4 किलो दाब असतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा.

आधी काय पाहावे?

काटा उतरला की इंजिन जागच्या जागी बंद करावे. "घरापर्यंत नेऊ" म्हणू नये. सपाट जागी दहा मिनिटे थांबून तेलाची पट्टी काढावी. तेल कमी असेल, तर गळती कोठे आहे ते शोधावे. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट तपासावे लागेल. न घालता तेल वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल मिसळून तेल पातळ झाले आहे.

त्यानंतर काट्याचीच परीक्षा करावी. मिस्त्रीकडील दुसरे घड्याळ लावून दाब मोजावा. पुष्कळदा दोष काट्यात किंवा त्याच्या वायरीत निघतो. दाब खरोखर कमी असेल, तर फिल्टर, चेंबरमधील जाळी, दाब राखणारा व्हॉल्व्ह आणि शेवटी पंप, या क्रमाने तपासावे.

आवाज काय सांगतो?

वरच्या बाजूने हलकी टिकटिक येत असेल, तर बहुधा टॅपेट सैल आहे. फिलर गेज लावून गाळा नीट करता येतो. गार इंजिनात खडखड आणि तापल्यावर शांत, असे असेल तर पिस्टन ढिला आहे. खालून ठक-ठक येते आणि वेग कमीजास्त करताना ती वाढते, तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा संशय घ्यावा. ओझ्याखाली खोल, जड धब-धब ऐकू आली, तर मेन बेरिंग पाहावे. दाब कमी आणि खालून ठोका, ही दोन्ही लक्षणे एकत्र आली, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरला ठोका कमी होतो, दोष तेथे असतो. हे काम घरी करू नये. जोराने उडणारे डिझेल कातडीतून आत शिरते.

वहिनींची वही

चार वर्षांनी काटा पुन्हा उतरला. या वेळी बंधूंनी लगेच इंजिन बंद केले. तालुक्याच्या मिस्त्रीने न पाहताच "इंजिन उतरवा" असे सांगितले. वहिनी मात्र तेलाचा हिशेब वहीत लिहीत असत. त्या म्हणाल्या, "महिनाभरात तेल घातलं नाही, मग पट्टीवर वाढलं कसं?" वास घेतला, तर डिझेल! फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत होते. पडदा, तेल आणि फिल्टर बदलले. चेंबर उघडून बेरिंगेही पाहून घेतली. ती शाबूत होती. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर रानात गेला.

एवढे पाळा

काटा वर यावा म्हणून जाड तेल ओतू नका. त्याने दुखणे झाकते, बरे होत नाही. बेरिंग वेळीच बदलले, तर क्रँक वाचते. उशीर झाला, तर क्रँक घासून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर जाड बेरिंग बसवावे लागते, आणि असे घासणे किती वेळा करता येईल यालाही मर्यादा असते. तेल केव्हा बदलले, किती घातले, तेव्हा तासांचे मीटर किती होते, हे घरातील कोणीतरी लिहून ठेवा.

आणि ट्रॅक्टर चालवणारा माणूस "आवाज बदललाय" म्हणाला, तर आधी इंजिन बंद करा. रान दुसऱ्या दिवशीही उरकता येते.