विहिरीच्या दगडातलं पान काय सांगतं?

विहीर खोदताना काळी माती संपली, मुरूम संपला, की काळा पाषाण लागतो. सुरुंग लावून तो फोडला की विदर्भात काही ठिकाणी खाली भलताच दगड निघतो. रंगाने राखाडी, गारेसारखा कडक, घण मारला की धारदार कपच्या उडणारा. त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाण. खोदणारा त्याच्या नावाने बोटं मोडतो, कारण छिन्नी बोथट होते. पण एखादी कपची उन्हात तिरपी धरून पाहा. पानाच्या शिरा, एखादी बी, ताडाच्या खोडातले ठिपके दिसले तर ती नक्षी समजू नका. ते दगड झालेले झाड आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एका दमात आला नाही, थरावर थर वाहत आला. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, काठाला झाडी वाढली, पाने-फळे गाळात पडली. गारगोटी जिची बनते ती सिलिका पाण्यात विरघळून त्यांच्या पेशीपेशीत शिरली. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळे झाकून गेला. शाळेत आपण वहीच्या दोन पानांत झाडाचं पान दाबून ठेवायचो ना, तसंच!

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात टाकळीजवळ अशी फळे-बिया गोळा केल्या. हे दगड किती जुने, यावर पुढे मोठा वाद झाला. तेव्हाच्या मध्य प्रांतातील छिंदवाडा भागात मोहगाव कलान येथे निपा नावाच्या ताडाची फळे मिळाली. बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी 1937 साली तिथल्या वनस्पतींवर लेख लिहिला. निपाची तशीच फळे इंग्लंडमध्ये लंडनच्या चिकणमातीत सापडत होती, आणि तो थर सुमारे 5 कोटी वर्षांचा. साहनींचे म्हणणे असे की झाडे जुळतात, तर काळही जवळचाच असला पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. झाड वर्षांचा आकडा देत नाही. आधी कोण, नंतर कोण, एवढा क्रम ते सांगते. आकडा काळ्या पाषाणातूनच निघतो. त्यातले पोटॅशियम ठरलेल्या गतीने आरगॉन वायूत बदलत असते, ते मोजायचे. असे मोजल्यावर लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे साहनींच्या अंदाजापेक्षा जुना ठरला. जबलपूरकडच्या थरांत मिळालेल्या परागकणांनीही तेच सांगितले. म्हणून साहनींचे काम वाया गेले असे मात्र नाही. तिथली हवा कशी होती, हे अजून त्याच फळांवरून कळते. निपा आज सुंदरबनात खाऱ्या चिखलात वाढते. तिथले लोक तिला गोलपाता म्हणतात आणि तिने घरे शाकारतात. ती मोहगावला होती, तर समुद्राचा फाटा जवळपास असावा, असा तर्क निघतो. सोबत केळीच्या जातीचे फळही मिळाले. म्हणजे हवा उष्ण आणि दमट.

आता वणी, चंद्रपूर, उमरेडकडचे वाचक म्हणतील, आमच्याकडे तर कोळसा आहे! तुमची गोष्ट याहून जुनी. कोळशाच्या थरांतल्या दगडात जिभेसारखे लांबट पान दिसते, मधे ठळक शीर आणि बाजूला शिरांची जाळी. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस. हे झाड सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी संपले. थरात जागच्या जागी ते पान दिसले, की थर त्याहून जुना हे नक्की. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अगदी अंटार्क्टिकातही तेच पान मिळते. हे देश एकेकाळी जोडलेले होते, त्याचा हा मोठा पुरावा. त्या एकत्र भूमीला जगाने नाव दिले गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. (हे पोरांना शाळेत सांगतात का, कोण जाणे.) त्या काळच्या लाकडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट दिसतात, म्हणजे ऋतू चांगले बदलत होते. कोळशाच्याही खाली तर बर्फाच्या खुणा आहेत. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने घासलेल्या खडकावर ओरखडे आहेत. उन्हाळ्यात 47 अंशांपर्यंत भाजणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी! तेव्हा आपली जमीन दक्षिण ध्रुवाजवळ होती.

पण हा सगळा पुरावा दगडापेक्षा त्याच्या जागेत जास्त आहे. वर कोणता थर, खाली कोणता, किती फुटांवर निघाला, हे माहीत असेल तर दगड बोलतो. धुऱ्यावर फेकलेला, घराच्या जोत्यात बसवलेला किंवा शे-दोनशे रुपयांत फिरत्या व्यापाऱ्याला दिलेला दगड मुका होतो. विहिरीचा मलबा तर ट्रॅक्टरने थेट रस्त्याच्या भरावात जातो. तेव्हा सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींनी, गावात नवी विहीर किंवा शेततळे सुरू झाले की खोदणाऱ्यांना एवढे बजावावे : वेगळा दगड लागला तर खोली टेपने मोजा, थर जागेवर असतानाच मोबाईलवर फोटो काढा, शेजारी फावडे उभे ठेवा म्हणजे माप कळेल. दोन-चार तुकड्यांवर ऑइलपेंटने खोली आणि गट नंबर लिहा. मग जवळच्या कॉलेजातील भूगर्भशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. काम थांबवायची गरज नाही. तुकडे पोत्यात घालून कोरड्या जागी ठेवा. ॲसिडने धुऊन चकचकीत मात्र करू नका.