दोन पांढरे, एक भिंत

पॅन्टोनने २०२६ चा रंग म्हणून ‘क्लाउड डान्सर’ ही पांढरी छटा जाहीर केली, तेव्हा ‘पांढऱ्यात निवडायचं काय?’ अशी थट्टा झाली. घर रंगवायला काढलेल्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. कुर्डुवाडीत एका नातेवाइकांकडे ऑफ व्हाइट की आयव्हरी यावर दोन दिवस खल चालला होता.

तो मिटवला रंगाऱ्याने. त्याने शेडकार्ड बाजूला ठेवलं, दोन्ही रंगांचे छोटे डबे आणले आणि हॉलच्या व स्वयंपाकघराच्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. प्रत्येकाला दोन हात मारले. भोवती चार बोटं पांढरा प्रायमर सोडला, कारण जुन्या हिरव्या रंगाला चिकटून असला की क्रीमही गुलाबी भासतो. म्हणाला, “ताई, आज ठरवू नका. सकाळी बघा, चारला बघा, रात्री लाइट लावून बघा.”

एवढ्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. त्या आयव्हरीत पिवळ्याचा अंश होता, ऑफ व्हाइटमध्ये काळ्याचा. दुकानातल्या ट्यूबखाली दोन्ही जुळी भावंडं वाटत होती. घरी मात्र पश्चिमेच्या हॉलमध्ये उतरतं ऊन आलं आणि आयव्हरी हळद लागल्यासारखी पिवळी झाली. उत्तरेच्या स्वयंपाकघरात थेट ऊन नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. तिथे ऑफ व्हाइट राखेसारखा दिसला. त्यात खाली शहाबादी फरशी. तिच्यावरून परतणारा करडा उजेडही भिंतीवर चढतो. रात्री ६५०० केल्विनचा पांढरा दिवा आणि ३००० चा पिवळा दिवा आळीपाळीने लावले, तेव्हा तर चारही चौकोन पुन्हा बदलले.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. भिजवलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकायची, म्हणजे चुन्याचा पिवळेपणा झाकून भिंत शुभ्र दिसते, हे आज्यांना ठाऊक होतं. आज तेच काम दुकानातलं मशिन थेंब मोजून करतं. पण त्या मशिनला तुमची खिडकी कुठे उघडते ते माहीत नसतं.

म्हणून माझं ठाम मत: हजारोंचा रंग घेण्याआधी छोट्या डब्यावर पैसे खर्च करा. कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्या घरात शेवटी दोन्ही रंग लागले. हॉलला ऑफ व्हाइट, स्वयंपाकघराला आयव्हरी. मधल्या दारात उभं राहिलं, तर दोन्ही भिंती एकाच रंगाच्या वाटतात.