कुसुमचा थोरला भाऊ

नाशिककरांनो, आपले कवी तात्यासाहेब शिरवाडकर यांचं जन्मनाव गजानन रंगनाथ होतं! काका वामनरावांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. दत्तकाच्या वडिलांचं नाव बदलतं हे आपल्याला ठाऊक असतं. इथे त्यांचं स्वतःचंही बदललं. आडनाव तेवढं टिकलं, कारण दत्तक घराण्यातच होतं. हे आडनाव निफाड तालुक्यातल्या शिरवाडे गावावरून आलेलं.

टोपणनावाची गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. अनेक भावांमध्ये एकच लाडकी बहीण, कुसुम. अग्रज म्हणजे थोरला भाऊ, म्हणून ‘कुसुमाग्रज’. 1987चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या कवीच्या नावात आधी धाकटी बहीण येते, मग तो स्वतः!

तुमच्या घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात का? बारशाला आत्यानं तुमच्या कानात कुठलं नाव सांगितलं होतं? नक्की लिहा.