निरोपालाही आवृत्ती लागते

पावसाळा लागला की आम्हा सुरतकरांच्या घरात दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. एक उकाई धरणाच्या पातळीचा आणि दुसरा होप पुलाजवळच्या तापीच्या पातळीचा. धरणाची पातळी फुटांत सांगतात, पूर्ण भरलं की ३४५ फूट. पुलाजवळची पातळी मीटरमध्ये, धोक्याची खूण साडेनऊ मीटर. सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्यात गेला. तेव्हापासून हे आकडे कोणी सहज म्हणून ऐकत नाही.

मुरलेल्या सुरतकराला नुसतं "साडेआठ झालं" म्हटलं तरी पुरतं. पण परवाच धुळ्याहून उधन्याला राहायला आलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? साडेआठ काय, फूट की मीटर? धरणावर की पुलाजवळ? निरोप खरा आहे, वेळेवर पोचलाही आहे, पण उपयोग शून्य. कारण देणाऱ्याच्या मनात जे गृहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत नाही.

माझा व्यवसाय याच अडचणीभोवती फिरतो. फरक इतकाच, की माझे निरोप एक प्रोग्रॅम पाठवतो आणि दुसरा वाचतो. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी "काय काम करतोस?" विचारलं की मी "क्लाऊडमध्ये आहे" एवढंच सांगून नाश्त्याच्या टेबलाकडे वळतो. आज जरा नीट सांगतो.

भाड्याचा संगणक

क्लाऊड म्हणजे ढगबिग काही नाही. कुठेतरी मोठ्या, थंड ठेवलेल्या दालनात हजारो संगणक असतात आणि त्यांचे तुकडे पाडून ते भाड्यानं दिले जातात. शेड एकाची, पण त्यातले आठ लूम याला, बारा त्याला, तसंच. अशा तुकड्याला आभासी यंत्र म्हणतात. ते काही मिनिटांत तयार होतं, हवं तेवढे तास वापरायचं आणि काम झालं की मोडून टाकायचं.

हा सगळा कारभार चालवणारं एक खुलं सॉफ्टवेअर म्हणजे ओपनस्टॅक. २०१० मध्ये अमेरिकेची नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून ते सुरू केलं. खुलं असल्यामुळे कोणीही वापरू शकतं. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळाही वापरते. यंत्रं तयार करणं, थांबवणं, मोडणं हे काम त्यातला 'नोव्हा' नावाचा भाग करतो.

नोव्हा प्रत्येक घडामोडीचा निरोप पाठवतो: यंत्र बनवायला घेतलं, बनलं, बनवताना बिघडलं, मोडलं. हे निरोप एका रांगेत जमा होतात. तिथून बिल करणारा प्रोग्रॅम ते उचलतो, देखरेख करणारा उचलतो, नोंदवही ठेवणारा उचलतो. नोव्हा कोणाची वाट बघत थांबत नाही. कोण ऐकतंय हेही त्याला माहीत नसतं. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखंच. आणि कोण ऐकतंय हेच माहीत नसल्यामुळे, "उद्यापासून आम्ही जरा वेगळ्या शब्दांत सांगणार आहोत" असं कोणाला कळवताही येत नाही.

लाल दिवा न लागलेला बिघाड

जुन्या पद्धतीत निरोपाला ठरलेला साचा नव्हता. लिहिणाऱ्या इंजिनिअरला जे गरजेचं वाटलं ते त्यानं गाठोड्यात भरलं. पुढे कोणी नवी माहिती घातली, कोणी एखाद्या रकान्याचं नाव बदललं.

याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. एका क्लाऊड पुरवठादारानं शनिवारी रात्री आपलं सॉफ्टवेअर नव्यावर नेलं. त्यात 'यंत्र कधी मोडलं' या रकान्याचं नाव बदललं होतं. बिलाच्या प्रोग्रॅमला जुन्या नावाचा रकाना सापडला नाही, तेव्हा त्यानं आपल्या परीनं सरळ अर्थ लावला: यंत्र अजून चालू आहे. साड्यांची डिझाइनं करणाऱ्या एका छोट्या ग्राहकानं महिन्याच्या १० तारखेला यंत्रं सोडली होती. त्याला महिनाअखेरपर्यंतचं भाडं लागलं. तो भला माणूस बिल घेऊन आमच्या ऑफिसात आला, म्हणून शोध सुरू झाला. तोवर कुठेही लाल दिवा लागला नव्हता, कुठलाही प्रोग्रॅम बंद पडला नव्हता. सगळे निरोप वेळेवर जात होते आणि चुकीचे वाचले जात होते. आमच्या धंद्यात बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असा गप्प बिघाड जास्त महागात पडतो.

शिक्का

एप्रिल २०१६ मध्ये ओपनस्टॅकची 'मिटाका' ही आवृत्ती आली आणि तिच्यापासून नोव्हाच्या निरोपांवर आवृत्तीचा शिक्का मारायला सुरुवात झाली. आता प्रत्येक निरोप आधी स्वतःची ओळख सांगतो: माझं नाव काय, मी कोणाकडून आलो, माझी आवृत्ती कोणती. मग मजकूर.

आवृत्तीचे आकडे दोन आणि नियमही दोनच. निरोपात नवा रकाना फक्त वाढला, तर मागचा आकडा वाढवायचा: १.० चं १.१. एखादा रकाना काढला किंवा जुनं वाचणाऱ्याची फसगत होईल असा बदल केला, तर पुढचा आकडा वाढवायचा: २.०. म्हणजे १.० शिकलेला प्रोग्रॅम १.३ निःशंक वाचू शकतो. अनोळखी रकाने सोडून द्यायचे. पण २.० दिसलं की थांबायचं आणि माणसाला हाक मारायची. वर सांगितलेल्या बिलाच्या प्रकरणात नेमकी हीच हाक हवी होती.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आवृत्ती वाढवण्याचं काम कोणाच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं नाही. प्रत्येक निरोपाच्या साच्याचा एक ठसा काढून ठेवलेला असतो. साचा बदलला आणि आवृत्ती तीच राहिली, तर तपासणी तिथेच नापास होते. कितीही ज्येष्ठ इंजिनिअर असो, त्याचाही बदल अडतो.

आपल्या रिंग रोडच्या मार्केटलाही हा शिक्का नवा नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस लागू झालं. मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्या बिलाची जी फाइल सरकारी पोर्टलवर जाते, तिच्यातही 'व्हर्जन' नावाचा रकाना असतो आणि त्यात १.१ लिहिलेलं असतं. एचएसएन कोड, ताके, मीटर, रक्कम हे सगळं कोणत्या साच्यात वाचायचं ते त्यावरून ठरतं. मेहताजींना तो आकडा कधी दिसत नाही. न दिसणं हेच त्याचं यश.

ऐकणारा तयार हवा

मात्र चांगला साचा केला की काम संपलं, असं होत नाही. नोव्हानं जुने आणि नवे निरोप वेगवेगळ्या रांगांत ठेवले आणि चालवणाऱ्याला निवड दिली: जुने, नवे किंवा दोन्ही. सुरुवातीला 'दोन्ही' हीच मूळ निवड होती. पण बरेच ऐकणारे प्रोग्रॅम जुन्याच निरोपांवर होते. नवी रांग उचलणारा कोणी नसला की ती नुसती फुगत जाते. शेवटी मूळ निवड पुन्हा 'जुने' अशी करावी लागली. नवे हवे असतील त्यानं मागून घ्यावेत.

काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. आमच्या टीममध्येही हा वाद दर काही महिन्यांनी होतो: जुना साचा कधी बंद करायचा? तरुण मंडळी म्हणतात, लगेच. दोन्ही सांभाळण्यात मेहनत दुप्पट. मी म्हणतो, आधी तारीख जाहीर करा, एक पूर्ण वर्ष द्या आणि कोण अजून जुनं उचलतंय ते मोजा. मोठ्या कंपनीकडे बदल करून घ्यायला दहा इंजिनिअर असतात. डिझाइनवाल्या छोट्या ग्राहकाकडे एकही नसतो. घाईचा भुर्दंड नेहमी त्याच्यावर पडतो.

आणखी एक शिकलो. निरोपात कमी लिहावं. एकदा दिलेला रकाना कोणीतरी कुठेतरी वापरायला लागतो आणि मग तो वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. देताना दहा वेळा विचार केला, तर परत घेण्याची वेळ येत नाही.

हे सगळं संगणकापुरतंच आहे असं समजू नका. गणेशोत्सवात आपल्या ग्रुपवर आरतीची वेळ तीनदा बदलते आणि तिन्ही निरोप एकाच वेळी फिरत राहतात. आजीनं सकाळचा वाचलेला असतो, काकांनी दुपारचा. यंदा सचिवांना एक विनंती आहे: निरोपाच्या डोक्यावर 'सुधारित २' आणि तारीख लिहा, आणि जुना निरोप रद्द आहे हे त्यातच सांगा. खर्च काही नाही. आरतीला मात्र सगळे एकाच वेळी भेटतील.