‘स्टॉक संपला’ ही पाटी खरी असेल तरच लावा: लिमिटेड बिअरच्या रांगेतून दुकानदाराने काय घ्यावं

दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर आली की ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. “ताई, मीपण एखादं लिमिटेड एडिशन काढू का? लोक तुटून पडतात म्हणे.” तुटून पडतात, हे खरं आहे. पण का तुटून पडतात हे नीट कळलं नाही, तर आपण फक्त बोर्डावर लाल अक्षरात ‘शेवटचे ५ नग’ लिहितो आणि रात्री गोडाऊनमधून आणखी ५० नग काढतो. गिऱ्हाइकाला हे दुसऱ्याच वर्षी कळतं. गावात तर त्याच आठवड्यात.

हे समजून घ्यायला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण जरा वेगळ्या धंद्यातलं आहे. अमेरिका आणि युरोपातल्या क्राफ्ट बिअरचं. बीबीए केलेली बाई बिअर शिकवते का, असं म्हणू नका. पिणं न पिणं ज्याचं त्याचं. आपण बघतोय तो धंदा.

क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या ब्रुअरीत, थोड्या प्रमाणात, मालकाच्या स्वतःच्या चवीने बनलेली बिअर. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून मायक्रोब्रुअरी हा शब्द मराठी माणसालाही नवा राहिलेला नाही. या ब्रुअऱ्या रोजची बिअर वर्षभर विकतात आणि एखादीच बिअर वर्षातून एकदा काढतात. तिला म्हणतात लिमिटेड रिलीज. लोक तिची तारीख कॅलेंडरमध्ये लावून ठेवतात, रजा टाकतात, पाच-सहा तास गाडी चालवून जातात आणि थंडीत रांगेत उभे राहतात. मग ती बाटली घरी आणून एकटे पीत नाहीत, मित्रांना बोलावून फोडतात. हा शेवटचा भाग बहुतेक मार्केटिंगवाले सांगत नाहीत. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. पण आधी टंचाईचं बघू.

कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा गावात रशियन रिव्हर नावाची ब्रुअरी आहे. तिची ‘प्लिनी द एल्डर’ ही बिअर वर्षभर मिळते. २००५ पासून ते ‘प्लिनी द यंगर’ काढतात, ती वर्षातून एकदा, साधारण दोन आठवडे. कायमच का नाही बनवत? कारण तिला हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, खूप जास्त लागतात. टाकीही जास्त दिवस अडकून राहते, आणि तेवढ्या दिवसांत त्याच टाकीत रोजची बिअर झाली असती. म्हणजे टंचाई बोर्डावरची नाही, टाकीतली आहे. बरं, एवढी मागणी असताना त्यांनी माणशी मर्यादा ठेवली: साधारण ३०० मिलीचा पेला, तोही मोजून तीनदा. २०२० मध्ये पहिल्यांदा बाटली काढली, तेव्हा माणशी दोनच. त्या दोन आठवड्यांत बाहेरगावची इतकी माणसं येतात की तिथल्या काउंटीचं आर्थिक विकास मंडळ हॉटेल, जेवण, पेट्रोल धरून या बिअरमुळे जिल्ह्यात किती पैसा आला याचा हिशोब काढतं. आकडा दशलक्ष डॉलर्समध्ये जातो. एका बिअरसाठी!

शिकागोच्या गूज आयलंडची ‘बोर्बन काउंटी स्टाउट’ दुसऱ्या कारणाने कमी असते. ती व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांत अनेक महिने मुरते आणि नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाजारात येते. लोणचं मुरल्याशिवाय बरणी उघडत नाही ना आपण, तसंच.

तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझा माल खरंच कमी का आहे? मिरची ठरावीक हंगामातलीच हवी म्हणून? बनवणारा हात एकच आहे म्हणून? मुरायला वेळ लागतो म्हणून? एका वाक्यात सांगण्यासारखं कारण असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगा. कारणच नसेल तर लिमिटेड एडिशन काढू नका, सरळ सेल लावा. सेल लावण्यात कमीपणा नाही.

लोकांना तारीख कळते कशी? ब्रुअरीचं ईमेल येतं, सोशल मीडियावर पोस्ट पडते, आणि अनटॅप्ड नावाचं एक ॲप आहे. २०१० पासून चालू असलेल्या या ॲपवर लोक आपण कुठली बिअर प्यायलो ते नोंदवतात आणि मित्र काय पितोय तेही बघतात. यात दुकानदाराने बघायची गोष्ट साधी आहे: तारीख आधीपासून माहीत असते आणि ती पाळली जाते. आपल्याकडे ‘लवकरच येत आहे’ लिहायची सवय आहे. लवकरच म्हणजे कधी? गिऱ्हाईक दोनदा चक्कर मारतं, तिसऱ्यांदा येत नाही.

आता वाटून पिण्याचं. इंग्रजीत याला बॉटल शेअर म्हणतात. पाच-आठ मित्र एकाच्या घरी जमतात, प्रत्येकाने एक दुर्मिळ बाटली आणायची, आणि सगळ्यांनी सगळ्यातलं थोडंथोडं चाखायचं. हा नुसता दिलदारपणा नाही, यात चक्क गणित आहे.

इंडियाना राज्यातल्या मन्स्टर गावची थ्री फ्लॉइड्स ब्रुअरी ‘डार्क लॉर्ड’ नावाची काळी, दाट बिअर काढते. बाटली कितीतरी वर्षं ६५० मिलीची होती आणि अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका बाटलीत शुद्ध अल्कोहोल झालं साधारण ९७ मिली. आपल्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये ते १३ मिलीच्या जवळपास असतं. म्हणजे एकट्याने ती बाटली संपवली तर सात-साडेसात पेग पोटात. शिवाय ती गुळासारखी दाट आणि गोड. एकट्याला संपत नाही आणि उघडून ठेवली तर गॅस जाऊन मजा जाते. आठ जणांत वाटली तर प्रत्येकाला ८० मिली, आणि तेवढं पुरतं. म्हणजे वाटून घेणं हे त्या मालाच्या घडणीतच आहे. मित्र नसतील तर ती बाटली विकत घेण्यात अर्थ नाही.

याचे नियमही आपोआप ठरलेत. हलक्या चवीची आधी, जड आणि गोड शेवटी, नाहीतर पहिल्याच घोटात जीभ बसते. मधे पाणी. कडवट, हॉप्सवाली आयपीए ताजी असतानाच प्यायची, कारण तिचा वास काही आठवड्यांतच उतरायला लागतो. काळी स्टाउट मात्र वर्षानुवर्षं ठेवता येते. काही जण एकाच बिअरच्या चार वर्षांच्या चार बाटल्या जपतात आणि एकाच रात्री शेजारीशेजारी चाखतात. डार्क लॉर्डच्या दिवशी तर रांगेतच लोक घरच्या बाटल्या उघडून अनोळखी माणसांना चव देतात. रांग हा कंटाळा न राहता जत्रा होते. गाडी चालवणारा त्या दिवशी पीत नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला.

हिशोब बघा. ब्रुअरीने विकली एक बाटली, चव पोचली आठ जणांना. त्यातला सात जणांचा खर्च कंपनीने नाही, गिऱ्हाइकाने केला, तोही आनंदाने. कारण दुर्मिळ वस्तू आणणाऱ्याचा मान असतो. हे आपल्याला नवीन नाही हो. देवगडहून हापूसची पेटी मागवायची आणि बिल्डिंगमधल्या चार घरांत डझन-डझन वाटून घ्यायची, हे आपण कधीपासून करतोय. पेटी एका घरात संपत नाही, आंबा थांबत नाही, आणि “कुठून आणली?” हा प्रश्न चार घरांतून येतो. तोच धंदा.

आता अवघड भाग: माल कमी असला की तो मिळणार कोणाला?

बेल्जियममध्ये वेस्टव्लेटरन गावाजवळ सेंट सिक्स्टस नावाचा ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे. १८३० च्या दशकापासून तिथले साधू बिअर बनवतात. मठ चालेल आणि दानधर्म होईल एवढीच बनवायची, हा त्यांचा नियम. आजही वर्षाला साधारण ६,००० हेक्टोलिटर, म्हणजे ६ लाख लिटर. २००५ मध्ये एका बिअर वेबसाइटवर लोकांनी त्यांच्या ‘वेस्टव्लेटरन १२’ ला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं आणि मठाच्या दारात गाड्यांची रांग लागली. आपण काय केलं असतं? दुसरी टाकी, कर्ज, फ्रँचायझी. साधूंनी उत्पादन वाढवलं नाही आणि भावही चढवला नाही. आधी फोनवर बुकिंग, फोन नंबर आणि गाडीचा नंबर नोंदवायचा, आणि एकदा माल घेतला की ६० दिवस पुन्हा मिळणार नाही. वर पावतीवरच छापलेलं, की हा माल पुढे विकू नका.

तरी पुढे विकणारे निघालेच. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने हीच बिअर मठाच्या भावाच्या साधारण पाचपट दराने शेल्फवर लावली. मठाने उघडपणे नाराजी सांगितली. २०१९ मध्ये त्यांनी फोन बाजूला ठेवून ऑनलाइन बुकिंग आणलं आणि त्यात एक नियम घातला, जो मला एमबीएच्या कुठल्याही केस स्टडीपेक्षा भारी वाटतो: ज्याला माल मिळून सगळ्यात जास्त दिवस झालेत, त्याचा नंबर आधी.

विचार करा यावर. आपण सहसा ‘पहिला येईल त्याला’ म्हणतो. त्यात कोण जिंकतं? ज्याला सकाळी दहाला वेळ आहे तो, आणि जो वीस पाकिटं उचलून शेजारच्या गावात दुप्पट भावाने विकणार आहे तो. वर्षभर तुमच्याकडून साखर, डाळ, रवा नेणाऱ्या काकू संध्याकाळी सहाला येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. त्या भांडत नाहीत, पुढच्या महिन्याची यादी दुसऱ्या दुकानात देतात. लिमिटेड मालाने नवीन गिऱ्हाईक आणलं आणि जुनं घालवलं, तर तो माल तुम्हाला महागात पडला.

आमच्या दुकानात हे कसं बसवलंय ते सांगते. उन्हाळ्यात नव्या मिरचीचा कांदा-लसूण मसाला आम्ही एकदाच कुटून घेतो, पाव किलोची २०० पाकिटं. कारण खरं आहे: कुटून देणाऱ्या मावशी एकच आणि त्यांचे आठ दिवसच आम्हाला मिळतात. १२० पाकिटं वर्षभराच्या खातेवाल्यांसाठी, नावाने बाजूला. त्यातही मागच्या वर्षी ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना पहिला फोन. उरलेली ८० काउंटरवर, एका मोबाइल नंबरवर दोनच. आणि प्रत्येक पाकिटासोबत २५ ग्रॅमची वेगळी पुडी, तिच्यावर लिहिलेलं असतं ‘शेजारी द्यायला’. एवढंच. पुडीचा खर्च पाकिटाच्या भावात धरलेला आहे, फुकट नाही. जाहिरातीवर मी या मसाल्यासाठी एक रुपया घालत नाही.

२०० संपले की संपले. “ताई, एखादं तरी असेल आत” असं म्हणणारे येतात, ओळखीचे, नात्यातले, आणि नाही म्हणणं जड जातं. पण आत एक निघालं की दुसऱ्या दिवशी दहा जण ‘आत’चं मागायला येतात. तेव्हा घरच्यांसाठीचं पाकीटही आधीच २०० मध्ये मोजा.

एक गोष्ट राहिली, आणि खाण्याच्या धंद्यात ती सोडता येत नाही. गूज आयलंडच्या २०१५ च्या बोर्बन काउंटीच्या काही प्रकारांत जंतू शिरले आणि बिअर आंबट निघाली. लोकांनी रांगा लावून घेतलेला, वर्षभर वाट पाहिलेला माल. कंपनीने २०१६ मध्ये ते जाहीर केलं, पैसे परत दिले आणि पुढच्या बॅचपासून पाश्चरायझेशन सुरू केलं. लिमिटेड माल बिघडला तर बदलून द्यायला दुसरा नसतो, पैसेच द्यावे लागतात. म्हणून एवढी रक्कम दिवाळी होईपर्यंत गल्ल्यातून उचलू नका, आणि प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख टाका. सोमवारच्या कढईतली चकली खवट निघाली तर फक्त सोमवारचीच परत घ्यावी लागेल.