सहा एअरबॅगा आणि एक गणपती

पुण्याच्या नाना पेठेत पाऊस आडवा लागतोय. दुकानासमोर आमची गाडी तिरकी उभी आहे, दोन चाकं फुटपाथवर, दोन रस्त्यावर. दारं सताड उघडी, डिकी वर केलेली. येणारा प्रत्येक रिक्षावाला उघड्या दारापाशी वेग कमी करतो, आत काय चाललंय ते नीट बघून घेतो आणि मगच हॉर्न वाजवतो.

दसऱ्याला पाच दिवस आहेत. गल्लीतल्या सगळ्या दुकानांत हीच गर्दी. नव्या गाड्यांच्या सीटवरची प्लॅस्टिकं अजून निघालेली नाहीत, पण मालक मॅट आणि मडफ्लॅप घ्यायला हजर. आमची गाडी दोन वर्षांची. नेक्सॉन, पेट्रोल, २०२३ च्या दिवाळीत घेतलेली. सीटकव्हर उसवलीत, वायपर काच पुसण्याऐवजी नुसती खरवडतोय आणि एसी लावला की ओल्या गोणपाटाचा वास येतो. एवढ्या तीन कामांसाठी मी एकटाच निघालो होतो. निघताना कळलं, की घरातल्या प्रत्येकाचं या गाडीत काही ना काही बाकी आहे. म्हणून आम्ही पाचही जण आलोय.

बाबा दुकानाच्या स्टुलावर बसून शेजारच्या नव्या गाडीवाल्याला विचारतायत, "ऑन रोड केवढ्याला पडली?" तो आकडा सांगतो. बाबा माझ्याकडे बघतात. घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की गाडी छोटी. आमची ३९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटरनी सरकारदरबारी छोटी, आणि सोसायटीत मात्र एसयूव्ही.

"दोन वर्षं थांबलो असतो तर..." बाबा म्हणतात.

"दोन वर्षं रिक्षानं फिरलो असतो," आई म्हणते.

खरं तर ही एसयूव्हीही नाही. कंपनीच्या कागदावर काहीही असो, ही क्रॉसओव्हर. उंच बांधलेली हॅचबॅक म्हणा ना. खाली वेगळी चासी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच. म्हणून ती वळणावर फारशी डुलत नाही आणि म्हणूनच बाबांच्या मनात भरत नाही. त्यांनी तरुणपणी मित्राची सुमो चालवलीय. सुमंत मुळगावकरांच्या नावातून नाव घेतलेली, पुण्याचीच गाडी. तिच्या बॉनेटवर चढून लग्नाचं तोरण बांधता यायचं, असं ते सांगतात. आमच्या बॉनेटवर त्यांनी पहिल्या दिवशी अंगठा दाबला होता आणि पत्रा जरा आत गेलेला पाहून तोंड वाकडं केलं होतं. आजही त्यांची मागणी ठरलेली आहे.

"पुढं एक गार्ड बसवा. चांगला जाड. स्टीलचा."

दुकानमालक गल्ल्यावरून मान वर करतात. "बाबा, ते आता विकत नाही. बंदी आहे."

"रस्त्यावर तर दिसतात."

"दिसतात. पकडले जातात तेव्हा तुम्हाला दिसत नाही."

२०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं या गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून शहाण्या दुकानदारांनी ते भिंतीवरून उतरवले. मालक बाबांना कायद्याचं कलम सांगत नाहीत. ते बंपरवर हात ठेवतात. "हा चेचायलाच केलाय. धडक यानं खायची आणि तुमच्यापर्यंत कमी पोचवायची. गार्ड बसवला की तो थेट सांगाड्याला बोल्ट होतो. मग बंपर शाबूत आणि दणका तुम्हाला. वर एअरबॅगच्या सेन्सरला कळतच नाही नक्की केवढ्यानं लागलंय." बाबा ऐकून घेतात. पटलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नाही.

बायकोला मागच्या काचांना काळी फिल्म हवी होती, लेकीच्या अंगावर ऊन येतं म्हणून. मालक दोन वाक्यांत तो विषय मिटवतात: सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल आणि सिग्नलवरचा पोलीस. लेकीला डॅशबोर्डखाली निळे दिवे पाहिजेत. तिला मी नाही म्हणतो, कारण तो धडा मी पैसे देऊन शिकलोय. गाडी नवी असताना एका दुकानात हौसेनं दिवे लावून घेतले. तिथल्या माणसानं कपलर न वापरता मूळ वायर सोलली, दुसरी गुंडाळली, वर काळी टेप. पुढं सहा महिन्यांनी स्क्रीन मधेच बंद पडायला लागली, तेव्हा सर्व्हिसवाल्यानं एक शब्द न बोलता त्या टेपवर बोट ठेवलं. वॉरंटीचं बोलणं तिथंच संपलं. तेव्हापासून वायर कापायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. वायर कापण्याचा हक्क आमच्या पार्किंगमधल्या उंदरांनी परस्पर घेतलाय, तेवढा पुरे. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूची पानं ठेवतो. बायको म्हणते, उंदीर आता विडा मागतील.

फिटर एव्हाना डॅशबोर्डखाली उताणा झालाय. बाविशीचा असेल. पाय दाराबाहेर, पावसात. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये चेपलेला.

"पानी उतरलं का? ...आन् म्हशी?"

खाली पडल्यापडल्याच तो एसीचा फिल्टर ओढून काढतो आणि माझ्या हातात देतो. पांढरा असायला हवा होता. घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळकी पानं, कबुतराचं एक पीस, आणि मांजरीच्या केसांसारखी राखाडी धूळ. दोन वर्षं आम्ही यातून गाळलेली हवा खात महाबळेश्वरला जाऊन आलो. नवा फिल्टर बसायला दोन मिनिटं लागतात. एवढ्याशा कामासाठी मी वर्षभर वास सहन केला याची मला लाज वाटते, पण ती मी दाखवत नाही.

फोन सुरूच आहे. "सोयाबीन जाऊ दे गं. तू वरच्या घरी थांब."

"कुठला रे तू?" आई विचारते.

"परांड्याकडचा, काकू."

पुढं कुणी काही विचारत नाही. परांडा, भूम, सीना नदीचा पूर, आठवडाभर टीव्हीवर तेच आहे. त्यानं फोन खिशात टाकलाय आणि पुढच्या सीटचं जुनं कव्हर सोलायला घेतलंय. खालून बिस्किटांचा चुरा निघतो, दोन रुपयांची तीन नाणी, एक क्रेयॉन आणि बाबांच्या रक्ततपासणीची पावती, जी आम्ही मार्चमध्ये घरभर शोधली होती.

नवं कव्हर चढवण्याआधी तो सीटची बाहेरची कड चाचपतो. तिथं बोटभर टॅग शिवलेला आहे: एअरबॅग. या गाडीत सहा आहेत, त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या कुशीत. कव्हर घट्ट शिवलेलं असलं तर ती आतच घुसमटते. म्हणून तो हातातलं कव्हर परत ठेवतो आणि गठ्ठ्यातून दुसरं काढतो, त्या जागी खुली फट असलेलं. "जुन्याला फट नव्हती," तो सहज सांगतो.

जुन्याला फट नव्हती. म्हणजे दोन वर्षं. मी बायकोकडे बघतो, ती माझ्याकडे. गाडी घेताना आम्ही दोघांनी शोरूममध्ये तासभर सुरक्षिततेच्याच गप्पा मारल्या होत्या. आणि दुसऱ्याच आठवड्यात, रंग छान आहे म्हणून, ते कव्हर चढवलं होतं.

आता आई पिशवी उघडते. आतून टिश्यू पेपरात गुंडाळलेला वीतभर गणपती निघतो. पितळी, चांगला वजनदार. तुळशीबागेतून आणलाय, घासाघीस करून.

"हा इथं बसव बाळा," ती फिटरला जागा दाखवते. डॅशबोर्डवर डावीकडं, बरोबर स्वतःच्या सीटसमोर.

फिटर त्या जागेवरचं पाणी बाहीनं पुसतो. खाली उठावाची अक्षरं. त्याला बोलायचं जिवावर आलंय. "काकू, हितून पन फुगा निघतो."

"मग?"

"मग द्येव उडल."

आई माझ्याकडे बघते. मी सांगतो: सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यात ती पिशवी फुगते, आणि तिच्या तोंडावर जे काही चिकटवलेलं असेल ते समोरच्याच्या तोंडावर येतं. समोर तूच. तिला पटतं, आणि पटल्यामुळे ती जास्तच नाराज होते. मधे स्क्रीन आहे. उजवीकडं बसवला तर मला रस्ता दिसणार नाही. छोटा प्लॅस्टिकचा घ्या, मालक सुचवतात. आई त्यांच्याकडे अशी बघते, की ते पुन्हा गल्ल्यात तोंड घालतात.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला भोंगा ऐकू येतो. "चारचाकी बाजूला घ्या, जॅमर लावण्यात येईल!"

एकदम पळापळ. शेजारचा नव्या गाडीवाला चप्पल शोधतोय. बायको लेकीला आत कोंबते, बाबा स्टुलासकट उठतात, आई गणपती छातीशी धरून पुढच्या सीटवर चढते. धाड धाड दारं लागतात. मालक पावसात येऊन "येऊ द्या, येऊ द्या" करतायत, मागचा सेन्सर किंचाळतोय, नवा वायपर मात्र काच एका फटक्यात लख्ख करतोय. मी क्वार्टर गेटच्या दिशेनं गाडी काढतो. एक वळसा मारून परत येऊ.

"आई, पट्टा लाव."

"हात मोकळे कुठायत?" तिच्या मांडीवर गणपती आहे. मी चालवता चालवता डाव्या हातानं तिचा पट्टा ओढतो, तो त्या दोघांच्या वरून जातो.

"दादा," मागून आवाज येतो. "मी आत हाय."

आरशात बघतो. बाबा आणि बायकोच्या मध्ये, मांडीवर आमची लेक घेऊन, फिटर बसलाय. एका हातानं तो मागच्या सीटच्या कव्हराचं इलॅस्टिक हुकात अडकवतोय. लेक त्याला हूक पुरवतेय. मी गाडी कडेला घ्यायला जातो, तो मान हलवतो. "ऱ्हाऊ द्या. तेवढ्यात हे हून जाईल."

सिग्नल लाल. त्याचा फोन वाजतो.

"हां आई. ...न्हाई, दुकानात न्हाई, गाडीत हाय. ...गिऱ्हाइकाच्या." तो इलॅस्टिक ओढतो. "आता पानी कुटवर आलंय, त्ये सांग."