अवकाश म्हणजे अडथळ्याचा अभाव

खेड तालुक्यातील निघोजे आता चाकण औद्योगिक क्षेत्राच्या नकाशात आहे. तेथे महिंद्रचा मोटार कारखाना आहे. नकाशावर जमीन क्रमांकित भूखंडांची दिसते, आणि भूखंडाला जात नसते असे सहज वाटते. हे कितपत खरे, हे पाहण्यासाठी प्रथम ‘अवकाश’ म्हणजे काय ते तपासले पाहिजे.

न्यूटनच्या मते वस्तू असोत वा नसोत, अवकाश रिकाम्या पात्रासारखा असतोच. लायब्निझने हे नाकारले. अवकाश म्हणजे एकत्र असणाऱ्या वस्तूंमधील संबंधांचा क्रम, असे त्याचे म्हणणे. वैशेषिकांनी जवळ-दूर या व्यवहारासाठी ‘दिक्’ हे द्रव्य मानले. बौद्ध आचार्य वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’त आकाशाचे लक्षण सांगितले ते ‘अनावृति’, म्हणजे अडथळा नसणे.

ही व्याख्या भौतिक आकाशाची आहे. ती समाजाला लावली की गावकूस उलगडते. गाव आणि महारवाडा यांतील अंतर हाताने मोजायचे नव्हतेच. कोणाला कोठे अडवले जाते, यावर ते ठरत होते. महाडचे चवदार तळे पाहा. १९२३ च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह सत्याग्रहींनी पाणी घेतले. तळे तेच, पाणी तेच. आव्हान दिले गेले ते संबंधाला. म्हणूनच त्यांच्यावर हल्ला झाला.

आता पुन्हा भूखंडाकडे वळू. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. परंतु वतनदारांना फेरदानाने मिळालेल्या जमिनींच्या हस्तांतरणावर शासनाच्या परवानगीची अट राहिली. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. संपादनाचा मोबदला मुख्यतः हक्कनोंद पाहून ठरतो. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसते. म्हणजे गावाची जुनी रचना पुसली जात नाही. दप्तरातून ती नव्या भूखंडात उतरते.

म्हणून औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने केवळ नकाशा वाचून थांबू नये. संपादित जमिनीत वतनी किती होती? तिचा मोबदला कोणाच्या हाती गेला? कायम कामगार कोण, कंत्राटी कोण? भाड्याची खोली देताना आडनाव विचारले जाते काय? या प्रश्नांची उत्तरे गावोगाव नोंदवली पाहिजेत. अडथळा कोठे आहे हे कळल्याखेरीज तो हटवण्याचा लढा उभा राहत नाही.